सर्व्हरवरचा फोल्डर डिलीट होत नाही? नवख्या ॲडमिनसाठी क्रमवार तपासणी

शेअर्ड ड्राइव्हवरचा एखादा फोल्डर डिलीट होत नाही अशी तक्रार आली की नवखा ॲडमिन बहुतेक वेळा एकच मार्ग धरतो. सर्व्हरवर लॉगिन करायचं, फोल्डरची मालकी स्वतःकडे घ्यायची, सगळ्यांना फुल कंट्रोल द्यायचा आणि पुन्हा डिलीट दाबायचं. कधीकधी फोल्डर जातो. पण पुष्कळदा अडचण परवानगीची नसतेच. मग फोल्डर तिथेच राहतो, आणि त्याच्या मूळ परवानग्या मात्र पुसल्या जातात. आता पुढचा तपास अवघड होतो, कारण आधी काय होतं हे कळायला काही उरलेलं नसतं.

म्हणून या लेखात क्रमाला महत्त्व दिलं आहे. आधी नकार कोण देतंय हे शोधायचं, मग उपाय करायचा. नकाराची कारणं फार नाहीत: आतली फाईल कोणीतरी उघडून ठेवली आहे, हक्क कमी पडतात, पाथ फार लांब झाला आहे, नावच विंडोजला चालत नाही, किंवा जो फोल्डर दिसतोय तो खरं म्हणजे तिथे नाहीच. क्वचित डिस्कमध्ये दोष निघतो. लेखाचा मोठा भाग विंडोज सर्व्हरबद्दल आहे, शेवटाकडे लिनक्स आणि नॅस (नेटवर्कला जोडलेलं स्वतंत्र स्टोरेज यंत्र) यांच्यासाठी वेगळा भाग आहे. कमांड इथे उच्चारानुसार लिहिल्या आहेत. टाईप करताना त्या नेहमीच्या रोमन अक्षरांतच करायच्या. विंडोजच्या कमांडपुढे स्लॅश आणि प्रश्नचिन्ह दिलं की तिचे सगळे स्विच, म्हणजे पर्याय, पडद्यावर दिसतात, ते एकदा वाचून घ्या.

हात लावण्याआधी

नेटवर्कवरून डिलीट केलेली फाईल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. ती थेट जाते. त्यामुळे फोल्डर कोणाचा आहे, तो खरंच नको आहे का, हे संबंधित माणसाला विचारून घ्या, आणि शक्यतो लेखी. कालच्या बॅकअपमध्ये तो फोल्डर आहे का ते स्वतः उघडून बघा. व्हॉल्यूमवर (डिस्कच्या त्या भागावर) शॅडो कॉपी, म्हणजे जुन्या स्थितीच्या आपोआप ठेवलेल्या प्रती, चालू असतील तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ टॅबवरही नजर टाका.

मग एरर मेसेज जसाच्या तसा लिहून घ्या. ‘डिलीट होत नाही’ एवढ्यावर काम सुरू करू नका. ‘फोल्डर इन यूज’, ‘ॲक्सेस डिनाइड’, ‘डिरेक्टरी इज नॉट एम्प्टी’, ‘फाईल नेम टू लाँग’ आणि ‘कुड नॉट फाइंड धिस आयटम’ हे पाच मेसेज पाच वेगळ्या वाटा दाखवतात. त्यातला ‘ॲक्सेस डिनाइड’ सगळ्यात फसवा आहे. का, ते पुढे येईल.

पहिल्या दोन चाचण्या

पहिली चाचणी: तोच फोल्डर दुसऱ्या संगणकावरून बघा, आणि शक्य असेल तर सर्व्हरवर थेट डिस्कच्या पाथने बघा. फोल्डर एकाच संगणकावर दिसतोय आणि बाकी कुठेच नाही, तर सर्व्हरला हात लावायचं कारणच नाही. अडचण त्या संगणकाच्या कॅशमध्ये आहे. उलट सर्व्हरवरून डिलीट होतोय पण नेटवर्कवरून नाही, तर संशय शेअरच्या परवानगीवर जातो.

दुसरी चाचणी: फोल्डरचं नाव बदलून बघा, शेवटी एक अक्षर जोडा इतकंच. ही चाचणी मला सगळ्यात उपयोगाची वाटते, कारण तिच्यात काहीच गमवावं लागत नाही आणि उत्तर लगेच मिळतं. विंडोजवर फोल्डरच्या आत कुठेही, कितीही खोल एखादी फाईल उघडी असेल तर वरच्या फोल्डरचं नाव बदलता येत नाही. नाव बदलायला फोल्डरवर डिलीटचा हक्कही लागतो. म्हणजे नाव सहज बदललं तर उघडी फाईल आणि वरच्या पातळीवरची परवानगी, ही दोन्ही कारणं बाद झाली. उरतात लांब पाथ, विचित्र नाव आणि खोलवरच्या एखाद्या उपफोल्डरची वेगळी परवानगी. नाव बदललं नाही तर पुढचे दोन भाग तुमच्यासाठी आहेत. चाचणी झाली की नाव पूर्ववत करायला विसरू नका.

फाईल कोणाकडे उघडी आहे?

सर्व्हरवर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’ उघडा, त्यात ‘सिस्टिम टूल्स’, मग ‘शेअर्ड फोल्डर्स’, मग ‘ओपन फाइल्स’. इथे नेटवर्कवरून उघडलेल्या सगळ्या फायली, त्या उघडणाऱ्याचं नाव आणि उघडण्याचा प्रकार दिसतो. यादी लांब असेल तर पाथच्या रकान्यावर क्लिक करून क्रम लावा. पॉवरशेलची सवय असेल तर विंडोज सर्व्हर २०१२ पासून ‘गेट-एसएमबीओपनफाइल’ हीच माहिती देते आणि तिला पाथनुसार गाळणी लावता येते. मोठ्या सर्व्हरवर हा मार्ग जास्त सोयीचा.

नाव सापडलं की त्या माणसाला फोन करा. ‘क्लोज ओपन फाईल’ हा पर्याय समोर दिसत असतो, पण तो दाबला की समोरच्याचं न जपलेलं काम जाऊ शकतं. डेटाबेसची फाईल असेल तर ती बिघडूही शकते. एका फोनने काम होत असेल तर ती जोखीम घेऊ नये. माणूस घरी गेला आहे, लॅपटॉप झाकण मिटून नेला आहे आणि सर्व्हरवर सेशन तसंच लटकलं आहे, अशी खात्री झाली की मग खुशाल बंद करा.

यादीत काहीच नाही, तरी फोल्डर अडकलेला आहे? ही यादी फक्त नेटवर्कवरून उघडलेल्या फायलींची आहे. सर्व्हरवरच चालणारा एखादा प्रोग्रॅम फाईल धरून बसला असेल तर तो इथे दिसणार नाही. अँटिव्हायरस, बॅकअपचा एजंट आणि सर्च इंडेक्सर हे नेहमीचे तिघे. कोणीतरी सर्व्हरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून त्याच फोल्डरमध्ये सोडून दिला असेल तरी फोल्डर अडकतो. ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडा, सीपीयू टॅबवर ‘असोसिएटेड हँडल्स’ आहे (हँडल म्हणजे प्रोग्रॅमने उघड्या फाईलवर ठेवलेली पकड), त्यात फोल्डरच्या नावाचा तुकडा टाकून शोधा. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातला ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ हेच काम जास्त नीट करतो. त्यात हँडल जबरदस्तीने बंद करण्याची सोय आहे, पण त्यापेक्षा तो प्रोग्रॅम किंवा ती सर्व्हिस रीतसर थांबवणं बरं.

एक छुपी फाईल वारंवार त्रास देते: ‘थंब्स डॉट डीबी’. फोटो असलेला नेटवर्क फोल्डर थंबनेलमध्ये पाहिला की विंडोज एक्सप्लोरर ही फाईल तिथे तयार करतो आणि काही वेळ धरून ठेवतो. फोल्डर रिकामा दिसतो, तरी जात नाही. लगेचचा उपाय म्हणजे सगळ्यांनी त्या फोल्डरमधून बाहेर येणं, प्रीव्ह्यू पेन बंद करणं आणि दृश्य ‘डिटेल्स’वर ठेवणं. हे सतत होत असेल तर ग्रुप पॉलिसीत (अनेक संगणकांना एकत्र लावायच्या सेटिंगमध्ये) यूजर कॉन्फिगरेशनखाली, विंडोज कंपोनंट्समधल्या फाईल एक्सप्लोरर विभागात, थंब्स डॉट डीबीमध्ये थंबनेल साठवणं बंद करणारी पॉलिसी आहे. ती लावून टाका. माझ्या मते फोटो आणि ड्रॉइंग हाताळणाऱ्या कोणत्याही कार्यालयात ती पहिल्या दिवसापासून असावी.

आता तो फसवा ‘ॲक्सेस डिनाइड’. विंडोजमध्ये फाईल डिलीट करायला सांगितली आणि त्या क्षणी ती दुसऱ्या कोणाकडे उघडी असेल, तर विंडोज तिच्यावर ‘डिलीट पेंडिंग’ अशी खूण करून थांबू शकतं. शेवटचं हँडल बंद होईपर्यंत नाव यादीत दिसत राहतं, पण त्या नावाला कोणी हात लावला की उत्तर येतं ‘ॲक्सेस डिनाइड’. ॲडमिनलाही तेच. सिक्युरिटी टॅब उघडला तर मालकाचं नावसुद्धा दाखवता येत नाही असा मेसेज येतो. हे चित्र हुबेहूब परवानगीच्या बिघाडासारखं दिसतं, म्हणूनच माणसं तासन्‌तास मालकी बदलत बसतात आणि काहीच होत नाही. ओळखायची खूण अशी: काही मिनिटांपूर्वी कोणीतरी तो फोल्डर डिलीट करायचा प्रयत्न केलेला असतो, आणि सिक्युरिटी टॅबमध्ये काहीच वाचता येत नाही. इथे परवानग्यांना हात लावू नका. हँडल कोणाकडे आहे ते वरच्या पद्धतीने शोधा. ते सुटलं की फोल्डर आपोआप नाहीसा होतो. काहीच सापडलं नाही तर कामाची वेळ संपल्यावर सर्व्हर रीस्टार्ट केला की सगळी हँडल सुटतात.

परवानग्या

नेटवर्कवरून येणाऱ्याला एकाच दाराची दोन कुलपं उघडावी लागतात: शेअरची परवानगी आणि एनटीएफएसची, म्हणजे डिस्कवरच्या विंडोज फाईल सिस्टिमची, परवानगी. दोन्हींपैकी जी जास्त कडक, ती लागू. शेअर नव्याने तयार करताना ‘एव्हरीवन’ला फक्त ‘रीड’ दिलं गेलं आणि तसंच राहिलं, तर एनटीएफएसमध्ये फुल कंट्रोल असूनही नेटवर्कवरून कोणालाच काही डिलीट करता येणार नाही. शेअरच्या बाजूला ‘चेंज’ पाहिजे.

एनटीएफएसच्या बाजूला एक नियम समजला की पुष्कळ कोडी सुटतात. एखादी गोष्ट डिलीट करायला एकतर तिच्यावर स्वतःवर ‘डिलीट’चा हक्क हवा, नाहीतर तिच्या वरच्या फोल्डरवर ‘डिलीट सबफोल्डर्स अँड फाइल्स’ हा हक्क हवा. ‘मॉडिफाय’मध्ये पहिला येतो, दुसरा येत नाही. दुसरा फक्त ‘फुल कंट्रोल’मध्ये येतो. त्यामुळे ‘मॉडिफाय’ असलेल्या माणसाला बाकी सगळं हटवता येतं, पण खोलवरचा एखादा उपफोल्डर, ज्याला वरून परवानग्या मिळत नाहीत, तो अडतो आणि मग वरचा फोल्डर ‘नॉट एम्प्टी’ म्हणून राहतो. असे उपफोल्डर कुठून येतात? बऱ्याचदा दुसरीकडून हलवून आणलेले असतात. एकाच व्हॉल्यूमवर फोल्डर हलवला की तो आपल्या जुन्या परवानग्या सोबत घेऊन येतो. कॉपी केला तर मात्र नव्या जागेच्या परवानग्या घेतो.

तपासायला ‘ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी’मध्ये ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ टॅब आहे. त्यात त्या माणसाचं नाव टाका, कोणता हक्क आहे आणि कोणता नाही ते ओळीने दिसतं. ‘डिनाय’च्या नोंदीही शोधा. एकाच पातळीवर ‘डिनाय’ आणि ‘अलाव’ दोन्ही असतील तर ‘डिनाय’ जिंकतो.

सर्व्हरवर स्वतः ॲडमिन म्हणून बसला असाल तर आणखी एक गोष्ट. यूएसीमुळे (ॲडमिनचे हक्क विचारल्याशिवाय न वापरू देणारी विंडोजची सोय) एक्सप्लोरर तुमचे पूर्ण ॲडमिन हक्क वापरत नाही. तो ‘कंटिन्यू’ बटण दाखवतो, आणि ते दाबलं की तुमचं खातं त्या फोल्डरच्या परवानग्यांमध्ये कायमचं जोडलं जातं. ज्या फोल्डरचा फक्त तपास करायचा आहे तिथे हे टाळा. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि तिथून काम करा.

परवानगीचंच कारण आहे अशी खात्री झाली की पुढचा क्रम असा:

१. ‘आयकॅकल्स’ला (icacls) पाथ देऊन ‘स्लॅश सेव्ह’ आणि ‘स्लॅश टी’ स्विचने सध्याच्या परवानग्या एका फाईलमध्ये साठवा. फोल्डर चुकीचा निघाला तर हीच फाईल वाचवेल. जिथे वाचायलाच मज्जाव आहे तिथल्या परवानग्या साठवल्या जाणार नाहीत, तेवढ्या एररची नोंद ठेवा.

२. ‘टेकओन’ला ‘स्लॅश एफ’ने पाथ द्या, सोबत ‘स्लॅश आर’ आणि ‘स्लॅश ए’. ‘स्लॅश ए’मुळे मालकी तुमच्या वैयक्तिक खात्याकडे न जाता ॲडमिनिस्ट्रेटर्स गटाकडे जाते. पुढे तुम्ही नोकरी बदलली तरी फोल्डर अनाथ होत नाही.

३. ‘आयकॅकल्स’च्या ‘स्लॅश ग्रँट’ने त्याच गटाला फुल कंट्रोल द्या, सोबत ‘स्लॅश टी’ आणि ‘स्लॅश सी’, म्हणजे एखाद्या फाईलवर अडलं तरी काम पुढे चालतं.

४. मग ‘आरडी’ (फोल्डर काढायची कमांड), ‘स्लॅश एस’ आणि पाथ.

नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा होम फोल्डर किंवा रिडायरेक्ट केलेला, म्हणजे सर्व्हरवर वळवलेला, ‘डॉक्युमेंट्स’ ही या क्रमाची नेहमीची जागा. फोल्डर रिडायरेक्शनच्या पॉलिसीत ‘ग्रँट द यूजर एक्सक्लूझिव्ह राइट्स’ चालू असेल तर त्या फोल्डरवर ॲडमिनला मुळातच प्रवेश नसतो. इथे मालकी घ्यावीच लागते आणि ती घेणं बरोबरही आहे. फक्त आधी त्या विभागाच्या प्रमुखाची संमती घ्या, कारण तुम्ही कोणाचे तरी खाजगी कागद उघडत आहात.

‘रीड-ओन्ली’ची खूण फोल्डरवर दिसली तर दुर्लक्ष करा, फोल्डरसाठी तिला तसा अर्थ नाही. फायलींवर असेल तर ‘ॲट्रिब’ कमांडने काढता येते.

पाथ फार लांब

विंडोजचे जुने प्रोग्रॅम पूर्ण पाथसाठी २६० अक्षरांची मर्यादा पाळतात, फोल्डर तयार करताना ती २४८ असते. एनटीएफएस स्वतः मात्र सुमारे ३२,७६७ अक्षरांपर्यंतचा पाथ सांभाळतं, फक्त प्रत्येक नाव २५५ अक्षरांच्या आत हवं. डिस्क मोठा पाथ ठेवू शकते पण एक्सप्लोरर तो हाताळू शकत नाही, ही तफावत अडचणीचं मूळ आहे.

असे पाथ तयार होतात कसे? एखाद्याच्या संगणकावर एक ड्राइव्ह थेट खोलवरच्या फोल्डरशी जोडलेला असतो. त्याला पाथ ड्राइव्हच्या एका अक्षरापासून सुरू झालेला दिसतो, म्हणून तो मर्यादेत राहून खुशाल आत आत फोल्डर करत जातो. तोच फोल्डर सर्व्हरवरून बघितला की आधीचे सगळे टप्पे जोडले जातात आणि लांबी २६० ओलांडते. कोणी वरच्या फोल्डरचं नाव लांब केलं तरी हेच घडतं.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे वरून सुरुवात करून प्रत्येक फोल्डरचं नाव एक-एक अक्षराचं करत खाली जाणं. किंवा खोलवरच्या फोल्डरला ‘सबस्ट’ने नवीन ड्राइव्ह अक्षर देणं आणि तिथून आतलं डिलीट करणं.

फोल्डर शेकडो असतील तर ‘रोबोकॉपी’ वापरा, ती लांब पाथ सहज हाताळते. एक नवा रिकामा फोल्डर करा, तो स्रोत म्हणून द्या, अडकलेला फोल्डर गंतव्य म्हणून द्या, आणि ‘स्लॅश एमआयआर’ लावा. गंतव्य स्रोतासारखं, म्हणजे रिकामं होतं. मग दोन्ही रिकामे फोल्डर काढून टाका. ही कमांड निर्दय आहे: गंतव्याचा पाथ एक पातळी वरचा दिला गेला तर तिथलं सगळं जाईल. म्हणून पहिल्यांदा ‘स्लॅश एल’ जोडून चालवा. तेव्हा ती काहीही न हटवता फक्त काय हटवलं जाईल त्याची यादी देते. ती यादी वाचा, मगच ‘स्लॅश एल’ काढा. आत दुसरीकडे नेणारे जंक्शन आहेत का हेही ‘डीआयआर’ला ‘स्लॅश एएल’ आणि ‘स्लॅश एस’ देऊन आधीच तपासा. जंक्शन सापडला तर तो ‘स्लॅश एस’शिवाय नुसत्या ‘आरडी’ने काढावा, म्हणजे फक्त दुवा जातो, पलीकडचा डेटा राहतो.

विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून आणि सर्व्हर २०१६ पासून लांब पाथ चालू करणारी पॉलिसी आहे. पण ती फक्त त्यासाठी तयार केलेल्या प्रोग्रॅमना लागू होते. फाईल एक्सप्लोरर त्यात नाही, त्यामुळे तिच्यावर विसंबू नका.

नावातच खोट

नावाच्या शेवटी स्पेस किंवा टिंब असेल, किंवा नाव ‘कॉन’, ‘पीआरएन’, ‘ऑक्स’ (AUX), ‘नल’, ‘कॉम१’, ‘एलपीटी१’ अशा राखीव शब्दांपैकी असेल, तर नेहमीच्या मार्गाने विंडोज त्या नावापर्यंत पोहोचतच नाही. शेवटची स्पेस तो स्वतःच कापतो, उरलेल्या नावाचा फोल्डर शोधतो, आणि सापडला नाही म्हणून सांगतो. असे फोल्डर बहुधा मॅक किंवा लिनक्सवरून आलेले असतात.

जिथून तयार झाला त्याच संगणकावरून डिलीट करून बघा, तिथे तो साधा फोल्डर असतो. नाहीतर सर्व्हरवर ‘आरडी स्लॅश एस’ देताना पाथच्या आधी \\?\ ही चार चिन्हं जोडा आणि पूर्ण पाथ, शेवटच्या स्पेससह, अवतरणचिन्हांत द्या. या चिन्हांमुळे विंडोज नावाची साफसफाई न करता ते जसंच्या तसं फाईल सिस्टिमकडे पाठवतो. नेमकी किती स्पेस आहे ते कळत नसेल तर ‘डीआयआर स्लॅश एक्स’ने छोटं नाव बघा आणि ते वापरा. व्हॉल्यूमवर छोटी नावं बंद असतील तर ते दिसणार नाही.

दिसतो पण नाही, जातो पण परत येतो

एकाच संगणकावर दिसणारा फोल्डर हा बहुधा ‘ऑफलाइन फाइल्स’चा, म्हणजे नेटवर्कवरच्या फायलींच्या त्याच संगणकावर ठेवलेल्या प्रतींचा, उरलेला अंश असतो. त्या संगणकावर सिंक सेंटर उघडून बघा. न गेलेले बदल तिथे अडकलेले असू शकतात, ते आधी वाचवा, मग कॅश साफ करा.

डिलीट केलेला फोल्डर थोड्या वेळाने पुन्हा उगवत असेल तर तो कोणीतरी तयार करतंय: रात्रीचं एखादं शेड्यूल्ड काम, लॉगिन स्क्रिप्ट, सिंक करणारं सॉफ्टवेअर, किंवा डीएफएस रेप्लिकेशनमधला (सर्व्हरांवरचे फोल्डर एकसारखे ठेवणाऱ्या सोयीतला) दुसरा सर्व्हर. नव्या फोल्डरचा मालक बघा. ज्या खात्याचं नाव तिथे दिसेल, त्या खात्याने चालणारी कामं तपासा.

लिनक्स, सांबा आणि नॅस

इथे पहिला फरक लक्षात ठेवा: लिनक्सवर फाईल हटवायला त्या फाईलवर नाही, तर ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावर ‘राइट’ आणि ‘एक्झिक्यूट’ लागतं. डिरेक्टरीवर स्टिकी बिट असेल तर फाईलचा मालक, डिरेक्टरीचा मालक किंवा रूटच (लिनक्सचा मुख्य ॲडमिन) ती काढू शकतो. रूटलाही ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आलं तर ‘एलएसॲटर’ने (lsattr) बघा. ‘आय’ ही इम्युटेबल (बदल न होऊ देणारी) खूण लागलेली असेल तर ‘सीएचॲटर’ने (chattr) काढावी लागते.

सांबामध्ये (लिनक्सवरून विंडोजला फोल्डर शेअर करणारं सॉफ्टवेअर) कोणती फाईल कोणाकडे उघडी आहे ते ‘एसएमबीस्टेटस’ सांगतं. आणखी एक जागा अशी आहे जिथे नवखे हमखास अडकतात. कॉन्फिगरेशनमध्ये ‘व्हेटो फाइल्स’ ही ओळ असेल, तर त्यात दिलेल्या फायली वापरकर्त्याला दिसत नाहीत. मॅकच्या ‘डीएस स्टोअर’सारख्या फायली त्यात बऱ्याचदा टाकलेल्या असतात. फोल्डर वरून रिकामा दिसतो, आत ती फाईल असते, आणि मूळ सेटिंगप्रमाणे सांबा असा फोल्डर हटवू देत नाही. ‘डिलीट व्हेटो फाइल्स’ला ‘येस’ केलं की प्रश्न सुटतो. केवळ वाचनासाठी असलेल्या फायलींसाठी ‘डिलीट रीडओन्ली’ असाच वेगळा पर्याय आहे.

एनएफएसवर (लिनक्सची नेटवर्कवर फायली शेअर करायची पद्धत) टिंबाने सुरू होणारी, ‘एनएफएस’ आणि पुढे लांबलचक आकडे-अक्षरं अशी फाईल दिसली, तर ती हटवत बसू नका, ती पुन्हा येईल. उघडी फाईल कोणी हटवली की क्लायंट तिला असं नाव देऊन ठेवतो. त्या क्लायंटवर ‘एलएसओएफ’ने प्रोसेस शोधून बंद करा, फाईल आपोआप जाते.

नॅस असेल तर त्या शेअरवर बदल-प्रतिबंधाची मुदत लावलेली आहे का ते त्याच्या व्यवस्थापन पानावर बघा. मुदत संपेपर्यंत फायली हटू नयेत हाच त्या सोयीचा हेतू असतो, आणि ती लावणाऱ्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हे सगळं करूनही

मेसेजमध्ये फाईल किंवा डिरेक्टरी ‘करप्टेड अँड अनरीडेबल’ आहे असं म्हटलं असेल, तर आधी बॅकअप ताजा आहे याची खात्री करा आणि डिस्कची प्रकृती तपासा. मग ‘चेकडिस्क’ला (chkdsk) ‘स्लॅश स्कॅन’ देऊन चालवा, व्हॉल्यूम चालू असतानाच ती दोष शोधते. दुरुस्तीसाठी ‘स्लॅश एफ’ लागलं तर त्या काळात व्हॉल्यूम कोणालाही वापरता येणार नाही, आणि मोठ्या व्हॉल्यूमवर वेळ बराच लागू शकतो. तेव्हा सगळ्यांना आधी कळवा, आणि ते काम सुट्टीच्या दिवशी लावा.